सोमवारचे पिवळे डोळे

मी संशयी बाई आहे. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. दुधाच्या पिशवीवरची तारीख मी दुकानात एकदा वाचते आणि घरी आल्यावर पुन्हा एकदा. रिक्षावाल्याने नेहमीचं वळण सोडलं की माझा हात आपोआप मोबाइलकडे जातो. नवरा म्हणतो, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. तो स्वतः कशातच पडत नाही, त्यामुळे घरातल्या सगळ्या चौकशा माझ्याच गळ्यात असतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा मुलगा तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि अंधेरीला नोकरी करत होता. त्याच्या ऑफिसात वर्षातून एकदा सगळ्यांचं रक्त तपासतात. कॉलेजात असताना त्याने त्या लॅबला माझा नंबर दिला होता आणि तोच त्यांच्याकडे राहिला होता, म्हणून रिपोर्ट त्याच्याआधी माझ्याकडे आला. मी बोरिवलीला घरी गवार मोडत बसले होते. हात पुसून मी तो उघडला. लिव्हरच्या पानावर काविळीत वाढणारं बिलिरुबिन २.१, शेजारी लिहिलेलं, १.२ पर्यंत नॉर्मल. आकडा ठळक, त्याच्यापुढे वर जाणारा बाण. खाली एसजीपीटी नावाची आणखी एक तपासणी, ४४, मर्यादा चाळीस. तिथेही बाण.

लिव्हर म्हटलं की आमच्या घरात दारू हा शब्द मागोमाग येतोच. मी गवार तशीच टाकून उठले.

त्याला कारण माझे बाबा. बाबा मालवणकडच्या गावातून मुंबईत आले आणि भांडुपच्या एका कारखान्यात लागले. आम्ही मुलुंडला राहायचो. मी पाचवीत जाईपर्यंत ते प्यायचे. मारझोड नाही, तमाशा नाही, पण शनिवारी ते आपल्या पायांनी घरी येतील की कोणी आणून सोडील याचा भरवसा नसायचा. मग एका मे महिन्यात गावच्या देवळात नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून त्यांनी दारू सोडली आणि सोमवार धरले. आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना तेव्हा वेगवेगळ्या वारी सुट्टी असे, बाबांची सोमवारी. उपवास कडकडीत. दिवसभर काळ्या चहाशिवाय काही नाही. सकाळी देवळात जायचे, मग गाववाल्यांकडे कुठे कुठे बसायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. तेव्हा त्यांचे डोळे पिवळट झालेले असायचे, हळदीचा हात पुसलेल्या फडक्यासारखे.

आईने त्या पिवळेपणाचा अर्थ लगेच लावला. सुट्टीचा दिवस, घराबाहेर, पोटात अन्न नाही आणि डोळे पिवळे. उपवासाचं नुसतं नाव, बाहेर बसून पितात. बाबा दारात चपला काढायचे आणि कोणी काही विचारायच्या आत तोंड उघडायचे. "बघ," म्हणायचे. आई पुढे होऊन हुंगायची, मग अंगठ्याने त्यांची खालची पापणी ओढून डोळा बघायची. तेवढ्याने समाधान झालं नाही की मला सांगायची, "जा, बाबांच्या मांडीवर बस जरा." कशासाठी ते मला ठाऊक होतं. मी बसायची, मान वळवून वास घ्यायची आणि स्वयंपाकघरात जाऊन नाही म्हणून मान हलवायची. बाबांनाही ते ठाऊक होतं. एकदा मी उठायला लागले तर हसून म्हणाले, "गावला काय गो?" सापडलं का, असं. मी दहा वर्षांची होते. अजून ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

माझा मुलगा दोन वर्षांचा असताना बाबा गेले. हार्ट अटॅक आला, सकाळी दाढी करताना. भेटायला आलेले लोक हळूच म्हणायचे, प्यायचे ना, कधीतरी व्हायचंच होतं. आम्ही कोणी त्यांना अडवलं नाही. पितृपक्षात आमच्याकडे म्हाळ घालतात. गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्याच्या नावाने पानात वाढायचं. कोकणातल्या कित्येक घरांत पानाशेजारी विडी ठेवतात, पेला ठेवतात, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. बाबांच्या पानाशेजारीही दरवर्षी अर्धा पेला असायचा. भाऊ आणून द्यायचा, आई ओतायची. "लपानछपान पियत होते, आता घरात बसान घेवा म्हणा," असं ती म्हणायची आणि आम्ही सगळे हसायचो.

एका बाणाने हे सगळं वर आलं. मग मला पुरावेही दिसायला लागले. चार महिने मुलगा रात्री घरी जेवत नव्हता. दुपारी ऑफिसात एकदाच जेवायचं, मग थेट दुसऱ्या दिवशी दुपारी. ऑफिस सुटलं की जिम. मी ताट वाढलं की, "आई, फास्टिंग आहे. सायन्स आहे त्याच्या मागे." माझ्या आईला वीस वर्षं मिळालेलं कारणच हे, फक्त इंग्रजीत.

त्या संध्याकाळी तो आला तेव्हा मी त्याला ट्यूबलाइटखाली उभं केलं. डोळे किंचित पिवळे होते. आधी ते माझ्या कसं लक्षात आलं नाही, याचाच मला राग आला.

"तू पितोस का?"

"काय?"

"सरळ विचारतेय. पितोस का?"

"वेडी झालीस का गं? कॉलेजात एकदा बिअर घेतली होती, ती पण तुला येऊन सांगितली होती."

"रिपोर्टमध्ये आलंय."

"रिपोर्टमध्ये दारू लिहिलीय?" तो हसला, मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला. एक पाऊल पुढे आला आणि त्याने तोंड उघडलं. "बघ. हुंग."

त्याला आजोबा आठवतसुद्धा नाहीत. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तरी मी पुढे झालेच. वास कसलाच नव्हता. खरं सांगते, त्याने मला बरं वाटलं नाही. उलट वाटलं, हा फारच पुढे गेलाय, वास कसा मारायचा ते याला बरोबर जमतं. त्या दिवसापासून तो घरी आला की दारातच चिडून तोंड उघडायचा. आणि मी चिडून हुंगायची.

लॅबवरही माझा विश्वास नव्हता. ऑफिसने नेमलेली लॅब, सगळ्यांचं साटंलोटं असणार. म्हणून मी त्याला स्टेशनजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये नेलं. तिथे बिलिरुबिन २.३ आलं आणि मर्यादा मात्र १.० छापलेली. एसजीपीटी ४६, म्हणजे आधीपेक्षा जास्त, पण त्याला बाणच नव्हता, कारण इथली मर्यादा पन्नास. एकाच पोराचं एसजीपीटी, एका कागदावर गुन्हेगार आणि दुसऱ्यावर सुटलेलं. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, हे कसं?

"आमचं मशीन वेगळं आहे ना ताई. प्रत्येक लॅबची रेंज थोडी वेगळी असते."

"रेंज म्हणजे काय भाजीचा भाव आहे, गल्ली बदलली की बदलायला?"

ती कसंनुसं हसली. माझी खात्री पटली की हिला काहीतरी झाकायचंय.

मग मी ठरवलं, कावीळ आहे असं धरून पथ्य करायचं; तरी आकडा उतरला नाही तर दारू आपोआप उघडी पडेल. तेल बंद, तूप बंद, हळद बंद. सकाळी पेज, दुपारी मऊ भात आणि उकडलेला दुधी, रात्री त्याचं ते फास्टिंग होतंच. दुपारचा डबा मी स्वतः भरून द्यायची आणि संध्याकाळी रिकामा झालाय का ते बघायची. तो निमूट खायचा. आता आठवतं, तो घाबरला होता. तेव्हा मला वाटायचं, चोरी पकडली जाणार म्हणून गप्प आहे. दहा दिवसांनी तिसऱ्या लॅबमध्ये नेलं. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. आकड्यात काही गडबड नको म्हणून मी त्याला आदल्या दुपारचंही जेवू दिलं नाही.

बिलिरुबिन ३.१.

पथ्य चालू असताना आकडा वाढतो, याचा दुसरा अर्थ मला सुचेना. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. बाबांचं नाव काढलं, एवढं सांगते. तुझ्या आजोबांसारखाच जाशील, असं काहीतरी.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग माळ्यावरची बॅग खाली काढली आणि दाराशी ठेवली.

"गणपती झाले की मी दहिसरला जातो. मित्राची रूम आहे. तिकडे निदान कोणी माझं तोंड हुंगणार नाही."

"जा," मी म्हटलं.

म्हटलं खरं, पण मी हादरले होते. पोरं घराबाहेर राहायला जातात, त्याचं काही नाही. पण तो असा गेला तर तो माझ्याशी बोलायचा थांबेल, हे मला कळत होतं. बाबा शेवटपर्यंत आईजवळच राहिले, पण "बघ" म्हणून तोंड उघडण्यापलीकडे ते तिच्याशी कधी फारसं बोलले नाहीत. तसंच आता माझ्या घरात होणार होतं. आणि तरीही मी त्याची बॅग उघडून, तळापर्यंत हात घालून, बाटली आहे का ते पाहिलं.

घाटकोपरच्या लिव्हरच्या डॉक्टरांची वेळ त्याने स्वतः घेतली. म्हणाला, "हे शेवटचं. ते बोलले मी पितो, तर तू जिंकलीस." त्या दिवशीही मी त्याला उपाशीच नेलं, लागलंच तर ताजं रक्त द्यायला. खुर्चीत बसायच्या आधी मी तिन्ही कागद टेबलावर मांडले आणि म्हटलं, "डॉक्टर, हा पितो. कबूल करणार नाही."

डॉक्टरांनी कागद पाहिले, त्याच्या डोळ्यांत पाहिलं, पोट दाबलं. मग विचारलं, "शेवटचं कधी जेवलास?"

"काल सकाळी. पेज."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "खाली जा आणि आधी काहीतरी खाऊन ये."

तो दहा मिनिटांनी परत आला. मी सवयीने वास घेतला. वडापावचा होता.

"हे बघा ताई," डॉक्टर म्हणाले, "बिलिरुबिनचे दोन भाग असतात. याचा जो भाग वाढलाय तो दारूने लिव्हर बिघडल्यावर वाढतो तसा नाही. बाकीचे आकडे चांगले आहेत. एसजीपीटी जरासं वर आहे ते जिममुळे असू शकतं. काही माणसांचं लिव्हर बिलिरुबिन जरा सावकाश बाहेर टाकतं. जन्मापासून. त्याला आजार म्हणू नका, शरीराची ठेवण म्हणा. अशी माणसं उपाशी राहिली, कमी जेवली, की आकडा चढतो. कधीकधी डोळे पिवळे दिसतात. जेवली की उतरतो."

"म्हणजे मी जे पथ्य..."

"त्यानेच वाढला असणार."

मी एवढ्यावर ऐकणारी नव्हे. "मग ते एक पॉइंट दोन कशाला छापतात?"

"भरपूर निरोगी माणसांचं रक्त तपासतात आणि त्यातल्या बहुतेकांचे आकडे जिथे बसतात, तिथे रेघ मारतात. थोडी निरोगी माणसं रेघेच्या बाहेर राहतातच. त्यात बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, वाढत्या मुलांचं वेगळं, मशीनचं वेगळं. कागदावर छापलंय ते चारचौघांचं. याचं स्वतःचं नॉर्मल काय, ते याला नीट जेवायला घातल्यावर कळेल."

"कशावरून?"

मुलाने डोळे मिटून घेतले. डॉक्टर मात्र चिडले नाहीत. म्हणाले, आठ दिवस तिन्ही वेळा पोटभर जेवू दे, जिम बंद, आणि मग नाश्ता करून रक्त द्या. नाश्ता करून रक्त! मी असं कधी ऐकलं नव्हतं. दुसरं काही निघत नाही ना हे बघायला रक्ताच्या आणखी दोन तपासण्याही त्यांनी लिहून दिल्या. मग सहज विचारावं तसं विचारलं, "हे घराण्यात असतं बरं का. तुमच्याकडे कोणाचे डोळे असे पिवळे व्हायचे? उपवासाच्या दिवशी वगैरे?"

"नाही," मी म्हटलं. एका क्षणात म्हटलं. मुलाने माझ्याकडे पाहिलं.

आठ दिवस मी त्याला जेवू घातलं. घावणे, बांगड्याचं तिखलं, वरणभात, तूप. तो पहिले दोन दिवस घुश्शात जेवला, मग भुकेने जेवला. आकडा आला १.३. दुसरं काही निघालं नाही. बाण तेवढा होताच. डॉक्टर म्हणाले, याचं नॉर्मल हेच समजा, आता लॅबच्या पायऱ्या चढू नका.

"आता?" मुलाने विचारलं.

"जेवायला काय करू?"

"सॉरी म्हण ना गं एकदा."

मी म्हटलं. तो बरं म्हणाला. बॅग मात्र दाराशीच राहिली.

त्याच आठवड्यात मी त्याला घेऊन मुलुंडला आईकडे गेले. ती भावाकडे असते, ऐंशीच्या पुढे गेलीय, पण डोकं लख्ख. मी तिला सगळं सांगितलं, डॉक्टरांचा प्रश्नही सांगितला आणि मी दिलेलं खोटं उत्तरही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"आई, बाबांच्या तोंडाला वास यायचा?"

"वास कधी येवक नाय."

"गावाहून दारू सोडून आल्यानंतर, एकदा तरी?"

"एकदाव नाय. माका वाटला, शाणे झाले. कायतरी खावन येतत." मग मान वर करून म्हणाली, "तुका तरी कधी आयलो?"

"नाही. मी दर वेळी तुला नाही म्हणूनच सांगायची. तू विश्वास ठेवायची नाहीस."

"तुझो तरी होतो काय?"

मी मान हलवायची ती वास आला नाही म्हणून. बाबा पीत नाहीत असं मला एकदाही वाटलं नव्हतं. मांडीवर बसून स्वतः वास घेतला होता आणि तरीही लोक काय म्हणाले तेच मी पुढे पोराला सांगितलं होतं.

आईने नातवाला जवळ बोलावलं. अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढली आणि बघत राहिली. आता पिवळं काही नव्हतं. "सोमवारीच होयत," ती म्हणाली. "मंगळवारी जेवले की साफ. माका वाटायचा, उतारली." मग तिने त्याचा डोळा सोडला आणि विचारलं, "जेवलंस काय रे?"

गणपती झाले. म्हाळाच्या दिवशी नवऱ्यासकट आम्ही तिघं मुलुंडला गेलो. भावाने नेहमीसारखी बाटली आणून ओट्यावर ठेवली होती. आई म्हणाली, "ती ने." तिने स्वतः गॅसजवळ उभं राहून काळा चहा केला, बाबा घ्यायचे तसा, बिनदुधाचा. बशीत कप ठेवून ती पानाशी आली, वाकली, आणि खाली ठेवण्याआधी कप नाकाशी नेला.

तिने मुद्दाम केलं नाही. हाताला सवय होती. पण तिचं तिलाच कळलं आणि ती तशीच कप धरून उभी राहिली. चहा बशीत सांडला. माझ्या मुलाने तिच्या हातातून कप घेतला आणि पानाशेजारी ठेवला.

मग गाऱ्हाणं. दरवर्षी ती ते भराभर म्हणून टाकते, गॅसवर काहीतरी उकळत असतं म्हणून. काय चुकला-माकला आसात ता माफ करा. या वर्षी "काय चुकला" इथपर्यंत आली आणि थांबली. तिने पदर तोंडाला लावला. पुढचं मी म्हटलं, मोठ्याने, दोघींच्या वतीने. मग पान खिडकीच्या ग्रिलवर ठेवलं. त्याला कावळा शिवला की नाही, ते मी बघत थांबले नाही.

संध्याकाळी बोरिवलीला आलो. गणपती होऊन आठवडा उलटला होता आणि बॅग दाराशीच होती. चपला काढताना मुलगा माझ्याकडे वळला आणि तोंड उघडलं. चिडून नव्हे, त्या दोन महिन्यांत त्यालाही सवय झाली होती. "बघ," म्हणाला.

"चल आत, पंखा लाव," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले.

मागे मला माळ्याचं दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड आत ढकलल्याचा.